कप्तानाचं नाव उसवलं तेव्हा

भोंग्याचा घसा बसलेला कुणी कधी पाहिला नव्हता. मैदानाच्या पूर्वेकडच्या पायऱ्यांवर उभं राहून त्यानं आरोळी ठोकली, की समोरच्या छताखाली बसलेले क्लबचे पदाधिकारी हातातला कप खाली ठेवतात, असं लोक सांगत. हे नाव काही आईबापांनी ठेवलेलं नव्हतं. पण आता पोस्टमनसुद्धा त्याच नावानं दुकान विचारत येई, आणि त्यात त्याला कमीपणा वाटत नसे. एरवी तो खुर्च्या-सोफे भरणारा साधा कारागीर. जुनं कापड सोलून काढायचं, आतला काथ्या झटकायचा, बसलेल्या स्प्रिंगा सुतळीनं बांधून पुन्हा उभ्या करायच्या, हे त्याचं काम. वरचं शिवणकाम बायकोचं.

तिला सगळे वहिनी म्हणत. दुकानाच्या मागच्या भिंतीशी, खिडकीखाली तिचं मशीन होतं. ते तिच्या आईचं. लग्नानंतर तिच्यामागोमाग या घरात आलं आणि तिच्याइतकंच गुमान कामाला लागलं. मशीनवर बसलं की समोर भिंत आणि पाठीशी दुकान. त्यामुळे वहिनीनं आपल्या संसारातल्या बऱ्याच गोष्टी पाठमोरी बसूनच ऐकल्या होत्या.

लग्न झाल्यावर भोंगा तिला पहिल्यांदा घेऊन गेला तो मैदानावर. तिला खेळातलं काही कळलं नाही. पण हजारभर माणसं या एका माणसाच्या तोंडाकडे बघतात, तो ओरडला की ओरडतात, गप्प झाला की गप्प होतात, हे बघून तिचा ऊर भरून आला होता. या आवाजाच्या ती प्रेमात पडली होती, हे खोटं नाही. घरी आल्यावर मात्र तिला कळलं की भोंगा घरात वाजत नाही. जेवताना ‘मीठ’, झोपताना ‘दिवा’, एवढ्यावर त्याचा दिवस उरकायचा. बाहेर कुणाची आई आजारी पडली की हा दवाखान्यात हजर, कुणाचं छप्पर गळलं की हा शिडीवर. लोक म्हणत, वहिनी, नशीब काढलंत. वहिनी हसायची. नशीब काढलं होतंच. ते बाहेरच्या बाहेर वाटलं जात होतं, एवढंच.

पूर्वेकडच्या पायऱ्यांवरच्या लोकांची एक गोधडी होती. संघाचे रंग निळा आणि पांढरा. ज्याचा-त्याचा जुना, विरलेला शर्ट यायचा, त्याचा चांगला तुकडा कापून वहिनी गोधडीला जोडायची. अशी करत करत ती एवढी वाढली होती, की चौघांनी धरून कठड्यावर पसरावी लागे. मधोमध एक मोठा चौकोन, आणि त्यात प्रशिक्षकाचं नाव. रीत अशी होती, की पायऱ्यांवरच्यांचा प्रशिक्षकावरचा विश्वास उडाला तर नाव उसवायचं आणि गोधडी तशीच, मधे भोक ठेवून, कठड्यावर टांगायची. घोषणा नाहीत, शिवीगाळ नाही. समोरच्या छताखालून ते भोक दिसायचं. आजवर ज्याच्या नावाच्या जागी भोक पडलं, तो त्या मैदानावर फार दिवस टिकला नव्हता.

आत्ताचं नाव होतं ‘कप्तान’. तरुणपणी तो याच संघाचा कप्तान होता, आणि प्रशिक्षक म्हणून परत आल्यावरही लोकांनी त्याला बढती दिली नाही, कप्तानच ठेवलं. खेळत असताना एकदा गोल केल्यावर तो पळत पळत कठड्याशी आला होता आणि त्यानं भोंग्याला मिठी मारली होती. त्या मिठीवर भोंग्याचं निम्मं आयुष्य निघालं. घामाचे डाग पडलेला तो शर्ट त्यानं गोधडीलाही दिला नव्हता.

कप्तानाचं नाव जोडायचं होतं त्याच सुमाराला वहिनीच्या घरात दुसरं काहीतरी उसवलं होतं.

त्यांना एक मुलगा. शाळा सुटल्यावर तो बापाच्या हाताखाली आला. हात बरा होता, घाई जास्त होती. नाट्यगृहाच्या खुर्च्यांचं मोठं काम आलं, सगळ्या खुर्च्यांना लाल मखमल. आता मखमलीला लव असते. हात एका दिशेनं फिरवला तर कापड उजळ दिसतं, उलट फिरवला तर काळपट. म्हणून सगळे तुकडे एकाच दिशेनं कापायचे असतात, कापड वाया गेलं तरी चालेल. भोंगा मैदानावर होता. पोरानं कापड वाचवायच्या नादात निम्मे तुकडे उलटे टाकून कापले. दुकानातल्या उजेडात ते कुणालाच दिसलं नाही. वहिनीनं शिवले, भोंग्यानं ठोकले. नाट्यगृहातले दिवे लागले तेव्हा निम्म्या खुर्च्या कुणी पाणी सांडल्यासारख्या दिसत होत्या. व्यवस्थापक हसला. तेवढं हसणं पुरलं.

“ज्याला लव कळत नाही, त्यानं कात्रीला हात लावायचा नाही,” भोंगा दुकानात येऊन म्हणाला. आणि मग, आवाज न चढवता, “या दुकानात तुझं काम नाही.”

पोराला वाटलं, दोन दिवसांचा राग आहे. वहिनीलाही तसंच वाटलं. पण तिसऱ्या दिवशी भोंग्यानं गोधडी काढली आणि कडेचा एक तुकडा बोटानं दाखवला. मुलगा लहान असतानाचा शर्ट होता तो, अख्खाच उलगडून जोडलेला. पाठीवर त्यानं स्वतः रंगवलेला नऊचा आकडा, एका बाजूला कललेला.

“हा काढ,” तो म्हणाला. “आणि कप्तानाचं नाव बसव मधे.”

मुलगा त्याच आठवड्यात परगावी गेला. वहिनीनं सांगितलेलं केलं. कडेचा तुकडा काढला, त्या जागी दुसऱ्या कुणाचा जोडला. मग मधल्या चौकोनाला मागून काळं अस्तर लावलं, त्यावर लेकाचा शर्ट पसरला, आणि वरून कप्तानाच्या नावाचं कापड शिवलं. चारही बाजूंनी बारीक टाका, दुहेरी दोरा. त्यानंतर प्रत्येक सामन्याला भोंगा त्या नावाकडे हात करून आरोळी ठोकायचा, सगळ्या पायऱ्या त्याला साथ द्यायच्या, आणि खाली बसलेली वहिनी मनात म्हणायची, ओरडा, ओरडा. कुणासाठी ओरडताय ते मला माहीत आहे.

एवढ्या एका गोष्टीवर तिनं वर्षं काढली.

या हंगामात संघ घरच्या मैदानावर एकदाही जिंकला नव्हता. खालच्या गटात घसरायची वेळ आली होती. न्हाव्याच्या दुकानात गिऱ्हाइकांच्या मानेला वस्तऱ्याचे कट पडू लागले, एवढा तो बोलताना हात हलवायचा. अखेर ठरलं, की शुक्रवारी संध्याकाळी भोंग्याच्या दुकानात बसायचं आणि सोक्षमोक्ष लावायचा. कप्तानाला ठेवायचं की उसवायचं.

शुक्रवारीच दुपारी मुलाचा फोन आला. तो गाद्यांच्या कारखान्यात होता, आणि कारखान्यानं त्याचा विभाग बंद केला होता.

“आई, बाबांना विचारतेस? मी कापायला नाही बसणार म्हणावं. नुसत्या स्प्रिंगा बांधीन.”

भोंगा एका आरामखुर्चीच्या पोटात डोकं घालून सुतळी ओढत होता. वहिनी त्याच्यामागे जाऊन उभी राहिली.

“अहो, त्याचा फोन आला होता.”

“कुणाचा?”

“कुणाचा म्हणजे? आपल्याला काय दहा आहेत?”

सुतळी ओढायची थांबली. मग पुन्हा सुरू झाली.

“काम गेलंय त्याचं. इथे येऊ का म्हणतो.”

“दुकानात दोघांचं काम आहे. दोघं आहेत.”

“नुसत्या स्प्रिंगा बांधीन म्हणतो. एक चूक झाली हो त्याच्या हातून. पोरगाच होता.”

“चूक नाट्यगृहात सगळ्यांसमोर झाली.” त्यानं गाठ मारली, दातानं सुतळी तोडली. “संध्याकाळी सगळे यायचेत. बसायला जागा कर. हे आज नको.”

“मग कधी?”

भोंगा खुर्चीतून बाहेर आला. कपड्यांवरचा काथ्या त्यानं एकेक करून काढला.

“नकोच,” तो म्हणाला.

संध्याकाळी सगळे आले आणि गिऱ्हाइकांच्या अर्धवट सोफ्यांवर, उघड्या खुर्च्यांवर, जिथे जागा मिळेल तिथे टेकले. निवृत्त मास्तर एका कापड न चढवलेल्या कोचावर बसले, ते स्प्रिंगांसकट खाली गेले.

“मास्तर, सांभाळून! आपला संघ तिथेच चाललाय,” न्हावी म्हणाला, आणि हशा पिकला. वहिनी मशीनवर पाठमोरी बसून कुशनची गोट शिवत होती. कान मागे.

“दादा, मी सरळ बोलतो,” न्हाव्यानं सुरुवात केली. “तुझा कप्तान काल म्हणाला, मैदान ओलं होतं. अरे, मैदान काय फक्त आपल्याच पोरांच्या पायाखाली ओलं होतं? नाचता येईना, अंगण वाकडं!”

“आडात नाही तर पोहऱ्यात कुठून येणार?” भोंगा म्हणाला. “चांगली पोरं विकली कुणी? क्लबनं. शिव्या कुणाला? कप्तानाला.”

“मग त्यानं राजीनामा द्यायचा होता तेव्हाच. गप्प का बसला?”

“निष्ठा आहे म्हणून.”

“पगार आहे म्हणून,” दातांची डॉक्टरीण म्हणाली. दवाखान्यात ती इतकं हळू बोलायची की पेशंटला तोंड उघडं ठेवून कान पुढे करावा लागे. पायऱ्यांवर तिच्या शिव्या ऐकून पुरुष लाजायचे. “भोंगेदादा, किडलेल्या दाताचं मी एकच सांगते. वाट बघत बसलात तर शेजारचाही जाईल.”

“डॉक्टर, तुम्ही काय, उपटायलाच बसलेल्या.”

“आणि तुम्ही ठणका लागला तरी गोड खाणारे.”

“मला दोन्ही बाजू पटतात,” मास्तर कोचाच्या खड्ड्यातून म्हणाले.

“मास्तर, गेल्या हंगामापासून तुम्हाला दोन्ही बाजू पटताहेत. तुमच्यामुळे हे घोंगडं भिजत पडलंय!”

बराच वेळ असं चाललं. कुणी जुन्या सामन्यांच्या आठवणी काढल्या, कुणी त्या खोट्या ठरवल्या. हळूहळू सगळ्यांचं बोलणं भोंग्यापाशी येऊन थांबलं. तो उठला. हातात कापड मोजायची पट्टी होती, ती त्यानं बाजूला ठेवली.

“तुम्ही सगळे शहाणे आहात,” तो म्हणाला. घरात कधी न ऐकलेला तो आवाज आता दुकानभर पसरला. “मला एवढंच कळतं, की माणूस चुकतो. चुकला की त्याच्या पाठीवर हात ठेवायचा असतो. जिंकला तर आपला आणि हरला तर लोकाचा, असं असतं का? त्याला चार लोकांसमोर खाली मान घालावी लागली म्हणून आपण त्याला दार दाखवायचं? मग आपण आहोत कशाला? एकदा आपलं म्हटलं की आपलं. वाईट दिवसांत माणसाला घराबाहेर काढत नाहीत. मला ते जमायचं नाही.”

न्हावी नखं बघायला लागला. मास्तरांनी डोळे पुसले. अजून एक वाक्य बोलला असता तर कप्तान आणखी दोन हंगाम सहज राहिला असता.

मागच्या भिंतीशी मशीन थांबलं होतं. वहिनीच्या पायाला ते चालवायचं सुचत नव्हतं. समोरच्या भिंतीवर ओलीचा एक डाग होता, रोजचा; ती त्याच्याकडे बघत राहिली. त्याच दुपारी ज्या माणसानं दातानं सुतळी तोडून ‘नकोच’ म्हटलं, त्याच्या तोंडात ही सगळी वाक्यं होती तर. होती, आणि इतकी वर्षं राखून ठेवलेली. लेकासाठी त्यातलं एकही खर्ची पडलं नव्हतं.

नाव उसवलं की खाली काय दिसेल, हे त्या खोलीत एकट्या तिलाच ठाऊक होतं. ती मशीनवरून वळली आणि तिनं हात वर केला.

“वहिनी, चहा टाकताय का?” न्हाव्यानं विचारलं.

“चहा नाही. मत.”

“तुमचं काय विचारायचं! दादांचं ते तुमचं.”

“उसवायचं,” वहिनी म्हणाली.

भोंगा तिच्याकडे बघत राहिला. “अगं, काय बोलतेस?”

“या दुकानात चुकलेल्याला ठेवत नाहीत,” ती म्हणाली. “मला वाटलं, तोच नियम असेल.”

तिचा मुलगा का गेला हे तिथल्या सगळ्यांना माहीत होतं, आणि कुणीही कधी विचारलं नव्हतं. आता जो-तो इकडे तिकडे बघू लागला. मग डॉक्टरणीनं हात वर केला. मागोमाग न्हाव्यानं. भोंग्याची घरचीच असं म्हणते म्हटल्यावर कुंपणावरचे एकेक करून खाली उतरले. शेवटी मास्तरांचा हात, कोचाच्या खड्ड्यातून, कुणी बुडताना वर करावा तसा वर आला.

“उसवीन तर मीच,” भोंगा म्हणाला. “त्याचं नाव दुसऱ्या कुणी काढलेलं मला चालायचं नाही.”

शनिवारी सकाळी त्यानं गोधडी कापायच्या टेबलावर पसरली, टाके उसवायची बारीक सुरी घेतली आणि खिडकीचं दार पूर्ण उघडलं. वहिनी मशीनच्या स्टुलावर बसली. या वेळी भिंतीकडे पाठ करून.

आदल्या रात्रीपासून तो तिच्याशी बोलला नव्हता. आता मात्र काम हातात आल्यावर त्याच्यातला कारागीर बोलून गेला.

“टाका किती बारीक घातलायस.”

“टिकायला हवा होता.”

एक बाजू सुटली. दुसरी सुटली. तिसरी सुटल्यावर ‘कप्तान’ पापुद्र्यासारखा वर उचलला गेला आणि खालचं निळं दिसलं. बाकीच्या गोधडीचा निळा उन्हापावसानं राखाडी झाला होता. हा मात्र कालच दुकानातून आणल्यासारखा. मधे कललेला नऊ.

भोंग्याची सुरी थांबली.

“हा काढायला सांगितला होता मी.”

“काढला होता. कडेचा काढला. इथे मधे लागत होता.”

“म्हणजे इतकी वर्षं...”

“इतकी वर्षं तुम्ही याच्यासाठीच ओरडत होतात. छान वाटायचं ऐकायला.”

त्यानं तळहात त्या शर्टावर ठेवला आणि हळूच वरून खाली फिरवला, मग खालून वर, जशी मखमलीची लव बघतात तसा. साध्या सुती कापडाला लव नसते. वहिनीनं मनाशी वाक्यसुद्धा जुळवून ठेवलं: संध्याकाळच्या गाडीनं येईल तो, मी फोन करते. एवढंच म्हणायचं. रडायचं नाही, जुनं काढायचं नाही.

भोंग्यानं हात उचलला. सुरी पुन्हा हातात घेतली.

“भोक दिसायला हवं,” तो म्हणाला. “रीत आहे.”

आणि त्यानं लेकाचा शर्ट उसवायला घेतला. घाई केली नाही, कापड ताणलं नाही. एकेक टाका सुरीच्या टोकानं उचलून कापत गेला, दोऱ्याचे तुकडे फुंकरीनं उडवत गेला. एवढ्या हळुवारपणे त्यानं त्या पोराच्या कुठल्याही गोष्टीला कधी हात लावला नव्हता. मग काळं अस्तर काढलं. टेबलाचं लाकूड दिसायला लागलं. शर्ट त्यानं चार घड्या करून तिच्यासमोर धरला.

“ठेव कुठेतरी.”

वहिनीनं घेतला.

रविवारी दुपारी ती मैदानावर गेली. जाण्याआधी मशीनची खालची पट्टी सरकवून तिनं बॉबिनची डबी काढून घेतली, अंगठ्याएवढी, पोलादी. ती आणि शर्ट पिशवीत टाकले. का, ते तिनं स्वतःलाही विचारलं नव्हतं.

चौघांनी गोधडी कठड्यावर टांगली. वारा होता, भोक कधी मोठं व्हायचं, कधी मिटायचं. वहिनी नेमकी त्याच्या मागे बसली होती. त्या चौकोनातून तिला मैदानाचा एक तुकडा दिसत होता, आणि त्यात बाकाशी उभा असलेला कप्तान. डोक्यावरचे केस गेलेला, पोट सुटलेला, साधा माणूस. त्यानं गोधडीकडे पाहिलं. बराच वेळ पाहिलं. मग खाली बसून तो बुटाची नाडी बांधायला लागला, आणि ती बांधून झाल्यावर दुसरी. समोरच्या छताखाली माणसं एकमेकांच्या कानाशी लागली होती.

भोंगा नेहमीच्या जागी उभा राहिला. सगळ्या पायऱ्या त्याच्या तोंडाकडे बघत होत्या. त्यानं तोंड उघडलं, पण आवाज निघाला नाही. मग त्याचे खांदे हलायला लागले. एवढा मोठा माणूस, कठड्याला धरून ओक्साबोक्शी रडत होता.

न्हाव्यानं त्याला कवेत घेतलं. “दादा, पुरे. तू होतं-नव्हतं सगळं केलंस त्याच्यासाठी.”

“असं टाकून देत नाहीत रे माणसाला,” भोंगा म्हणत होता. “असं नाही टाकून देत.”

डॉक्टरीण वहिनीच्या शेजारी येऊन बसली. तिचेही डोळे ओले होते. “वहिनी, किती हळवा आहे हो माणूस! परक्यासाठी एवढं कोण रडतं?”

“परक्यासाठी रडतात ते,” वहिनी म्हणाली.

ती उठली. पदर नीट केला, पिशवी खांद्याला लावली आणि पायऱ्या उतरू लागली.

“अहो वहिनी, अजून अर्धा खेळ बाकी आहे!” मागून मास्तर ओरडले.

“चालू दे,” ती म्हणाली.

मुलाची परगावची खोली एका कपडे धुण्याच्या दुकानावर होती. जिना ओला, खालून वाफेचा वास. त्यानं दार उघडलं आणि आधी तिच्या मागे पाहिलं, जिन्यावर आणखी कुणी आहे का. कुणी नव्हतं. त्याच्या लक्षात आलं, पण तिला वाईट वाटू नये म्हणून त्यानं लगेच खुर्ची पुढे केली. खुर्चीची बैठक खाली बसली होती. सुतळ्या तुटून एक स्प्रिंग वर आली होती. वहिनीनं बसण्याआधी ती हातानं दाबून पाहिली.

“कारागिराच्या घरी ही खुर्ची?”

“वेळ नाही मिळाला.”

“आता आहे.” तिनं पिशवीतून शर्ट काढून त्याच्या हातात दिला. मग डबी काढली आणि खिडकीच्या कट्ट्यावर ठेवली. त्यानं दोन्हींकडे पाहिलं. डबी ओळखायला त्याला वेळ लागला नाही; लहानपणी ती त्यानं कितीदा तेलात बुडवून पुसली होती.

“आई, ही काढून आणलीस? मग तिकडे मशीन कसं चालणार?”

“नाही चालणार,” ती म्हणाली. “नव्या माणसाचं नाव जोडायचं असेल तर हातानं शिवतील. इथे कुठे जुनं मशीन भाड्यानं मिळतं का, बघ उद्या.”

तो शर्ट उलगडत होता. कललेल्या नऊवर त्याचं बोट थांबलं. खाली कपडे पिळायचं यंत्र घरघरत सुरू झालं.

“बाबांना विचारलंस?”

“विचारलं.”

“मग? कुठे आहेत ते?”

वहिनी खुर्चीतून उठली, ती उलटी करून तिनं मांडीवर घेतली, आणि तुटलेल्या सुतळीचं टोक शोधू लागली.

“मैदानावर,” ती म्हणाली.